पोस्टरवर पाय नको, रक्त दाखवा



भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर भिंतीवर बहुतेक एक चित्र दिसेल. गुडघ्याखाली हत्तीसारखा सुजलेला पाय, कातडीला जाड वळ्या, आणि वर मोठ्या अक्षरांत हत्तीरोगाचा इशारा. गावात गोळ्या वाटायच्या मोहिमेच्या वेळी हेच चित्र पत्रकांवर असतं आणि आता व्हॉट्सॅपवरही फिरतं. माझं स्पष्ट मत आहे की हे चित्र काढून टाकावं. हा रोग थांबवायचा तर ज्या माणसाने गोळी गिळायला हवी, तो माणूस या चित्रात नाहीच.

मी डॉक्टर नाही. नागपुरात इंजिनिअरिंग केलं, गेली आठ वर्षं इथे क्वीन्सटाउनला राहतो, बँकांच्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो. पण माझं गाव आणि सासर दोन्ही भंडारा जिल्ह्यात, घरात हा रोग आहे, त्यामुळे वाचणं भाग पडलं. वाचल्यावर वाटलं की मुळात हा प्लंबिंगचा प्रश्न आहे, आणि प्लंबिंग नीट समजावून सांगितलं तर निम्मी भांडणं मिटतील. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

दहावीच्या पुस्तकातली ती आकृती आठवा. मध्ये हृदय, एका बाजूने लाल नळ्या बाहेर, दुसऱ्या बाजूने निळ्या नळ्या आत. बंद वर्तुळ. आकृती काढा, नावे द्या, पाच मार्क. त्या आकृतीत नळ्यांचा तिसरा संच गाळलेला असतो, आणि हत्तीरोग होतो तो नेमका त्या तिसऱ्या संचात.

हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, म्हणजे दिवसाला सात हजार लिटर. केसासारख्या बारीक नळ्यांपर्यंत पोचल्यावर त्यातून पाणी, क्षार, साखर आणि थोडी प्रथिनं भिंतीतून बाहेर झिरपतात. झिरपायलाच हवीत, नाहीतर पेशींना खायला काय मिळणार? पण झिरपलेलं परत कसं येतं? जुनी पुस्तकं हिशोब द्यायची की दिवसाला वीसेक लिटर बाहेर जातं, सतरा लिटर त्याच नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला परत शोषलं जातं, आणि उरलेलं तीन लिटर तिसऱ्या नळ्या उचलतात. या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या आणि त्यातलं पाणी म्हणजे लसीका. लिंफ म्हणतात ते हेच. २०१० मध्ये लेव्हिक आणि मिशेल या दोन शास्त्रज्ञांनी हा हिशोब नव्याने मांडला. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या टोकाला परत शोषलं जाणं बहुतेक अवयवांत एरवी जवळजवळ होतच नाही. झिरपतं तेही जुन्या आकड्याहून कमी, पण जे झिरपतं ते जवळजवळ सगळं लसीकेच्याच वाटेने परतीला लागतं. म्हणजे जिला आपण आडवाट समजत होतो तीच मुख्य वाट निघाली!

आणि प्रथिनांच्या बाबतीत तर जुन्या-नव्या पुस्तकांत वादच नाही. एकदा बाहेर पडलेलं प्रथिन रक्तात परत न्यायला लसीका सोडून दुसरी सोय नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथल्या मंडळींना एक उपमा लगेच पटेल. सिंगापूरमध्ये वापरलेलं पाणी गोळा करतात, गाळतात, शुद्ध करतात आणि कारखान्यांना देतात, थोडं जलाशयांत सोडतात. २००३ पासून त्याला न्यूवॉटर हे नाव आहे. शरीरातली न्यूवॉटर योजना म्हणजे लसीका. गाळण केंद्रं म्हणजे लसीकाग्रंथी, त्या काखेत, जांघेत, मानेत असतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे केंद्र चालू झालेलं अनुभवलंय. पायात काटा मोडून पिकला की दोन दिवसांनी जांघेत गाठ येऊन दुखायची आणि आजी म्हणायची, "अवधाण आलं." जखम पायाला आणि गाठ जांघेत का, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

गाळून झालेली लसीका दोन्ही पायांतून, पोटातून, डाव्या हातातून गोळा होत छातीतल्या एका नळीत येते. ही नळी शिसपेन्सिलपेक्षाही बारीक. ती मणक्याच्या पुढून वर चढते आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत उघडते. (उजवा हात आणि डोक्या-छातीची उजवी बाजू यांची वेगळी छोटी नळी आहे, ती उजवीकडे उघडते.) म्हणजे रक्तातून निघालेलं पाणी शेवटी रक्तातच येतं. दोन संस्था वेगळ्या शिकवल्या तरी पाणी एकच आहे.

या वाटेवर हृदयासारखा मोठा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत एकेरी झडपा असतात, आणि बाकीचं काम पोटरीचे स्नायू आणि आपला श्वास करतो. चाललं की पाणी वर चढतं. नागपूर-मुंबई, मग मुंबई-सिंगापूर असं दिवसभर बसून आल्यावर बूट घट्ट होतात ते काही अंशी यामुळेच. स्नायू बसून, पाणी खाली.

थोडा इतिहास, कारण गंमत आहे. इटलीत गास्पारे असेली या शल्यविशारदाला १६२२ मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वाहिन्या दिसल्या. जेवणातली चरबी आतड्यातून थेट रक्तात जात नाही, लसीकेतून जाते, म्हणून त्या दुधासारख्या दिसत होत्या. हार्वेचं रक्ताभिसरणाचं पुस्तक आलं १६२८ मध्ये, आणि या पांढऱ्या वाहिन्यांचं महत्त्व हार्वेला शेवटपर्यंत पटलं नाही. ही वाट छातीतून वर जाऊन शिरेत मिळते हे पेके या फ्रेंच माणसाने १६५१ मध्ये दाखवलं. लाल-निळी आकृती जगभर गेली, पांढरी मागे राहिली.

आता जंताकडे येऊ.

विदर्भातला हत्तीरोग वुचेरेरिया नावाच्या जंतामुळे होतो. क्युलेक्स डास चावला की त्याची बारीक अळी कातडीतून आत शिरते, लसीकावाहिनी गाठते आणि तिथेच मोठी होते. पूर्ण वाढलेली मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. नर-मादी गुंता करून वाहिनीत राहतात, सहा ते आठ वर्षं! सोनोग्राफीत त्यांची वळवळ दिसते, डॉक्टर लोक तिला जंताचा नाच म्हणतात. वाहिनी त्यांच्यामुळे फुगते, झडपा मिटेनाशा होतात, वर चढणारं पाणी मागे येऊ लागतं. ही पडझड वर्षानुवर्षं चालते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

जंतांची पिल्लं लाखांनी जन्मतात. ती लसीकेबरोबर वाहत छातीतल्या त्या नळीतून डाव्या शिरेत येतात आणि तिथून रक्तात. डासाला मिळतात ती रक्तातच. म्हणजे आईबाप राहतात परतीच्या नळ्यांत आणि पोरं फिरतात पुरवठ्याच्या नळ्यांत. हे दोन जाळी जोडलेली नसती तर हा रोग एका माणसापासून दुसऱ्याकडे गेलाच नसता. माझ्या मते हत्तीरोगाबद्दल लोकांना सांगायचं हेच एक वाक्य आहे, आणि तेवढंच सांगितलं जात नाही.

पिल्लांची आणखी एक खोड आहे. दिवसा ती फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, रात्री दहा ते दोनच्या सुमारास हातापायांच्या रक्तात येतात, कारण क्युलेक्स रात्री चावतो. आपल्यातले काही जण अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्रपाळी करतात तसंच. (दिवे घ्या.) रक्तातली ही पिल्लं माणसाच्या रक्तात प्रथम ओळखली गेली ती आपल्या कलकत्त्यात, १८७२ मध्ये, टिमथी लुईस यांच्याकडून. डास त्यांना शोषून घेतो हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉयला पाहिलं. आणि १८८१ मध्ये लंडनच्या मॅकेन्झी यांनी एका रोग्याला दिवसा झोपवून रात्री जागवलं, तर थोड्या दिवसांत पिल्लांनीही पाळी बदलली! म्हणून तर आपल्याकडे हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री होते. आमच्या लहानपणी रात्री नऊनंतर कर्मचारी दार वाजवायचे, झोपेतून उठवून बोटाला सुई टोचायचे आणि काचपट्टीवर थेंब घेऊन जायचे. आम्हाला तेव्हा वाटायचं, या लोकांना दिवसा कामं नसतात का.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाचा पाय हत्तीसारखा सुजलाय. दुसरा धडधाकट आहे, रोज सायकलने शेतावर जातो. विचारलं की यातला गावाला धोका कुणाचा, तर दहातले नऊ जण पहिल्याकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात सूज आलेल्या पुष्कळ जुन्या रोग्यांच्या रक्तात पिल्लं सापडतच नाहीत. जंत कधीच मेलेले असतात, नळ्या कायमच्या बिघडलेल्या असतात, डासाला त्यांच्याकडून काही मिळत नाही. आणि त्या धडधाकट माणसाच्या एका थेंबात रात्री अकरा वाजता डझनभर पिल्लं वळवळत असू शकतात. त्याला ताप नाही, दुखणं नाही, काही नाही.

पोस्टर कुणाला दाखवतं? पहिल्याला. परिणाम दुहेरी. ज्याच्यापासून धोका नाही त्याला लोक टाळतात, त्याच्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं. आणि ज्याच्या रक्तात गुण आहेत तो पोस्टर पाहून स्वतःच्या पायाकडे बघतो, समाधान पावतो आणि गोळी खिशात टाकतो.

माझे सासरे निवृत्त शिक्षक. गणित शिकवायचे, अंधश्रद्धा वगैरे काही नाही. मोहिमेत आशाताई घरी आल्या तर म्हणाले ठेवून जा, रात्री जेवल्यावर घेतो. घेतली नाही. मी फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "जावईबापू, माह्ये पाय पाहा. काही दिसते का? मंग गोळी कायले?" आता या माणसाला अडाणी कसं म्हणणार? त्यांच्याजवळ जी माहिती आहे, म्हणजे ते चित्र, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. गृहीतकच अपुरं दिलं तर गणिताच्या मास्तरांनी तरी काय करावं?

मी म्हटलं, "मामाजी, तुमच्या पायाबद्दल नाही विचारत. रात्री अकराला तुमच्या रक्तात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का?" पलीकडे जरा शांतता. मग नळ्यांची सगळी कथा सांगितली, कागदावर काढून फोटो पाठवला. त्यांचा पुढचा प्रश्न खरा शिक्षकाचा होता: मग आधी रक्त तपासा आणि ज्याच्यात सापडेल त्यालाच गोळी द्या, सरसकट सगळ्यांना कशाला?

प्रश्न योग्य आहे आणि तो पुष्कळ सुशिक्षित लोक विचारतात. आपल्यातलेही विचारतील म्हणून सविस्तर लिहितो. रात्रीच्या काचपट्टीत पिल्लं थोडी असतील तर ती निसटतात. दिवसाही चालणारी, बोटाच्या थेंबावरची अँटिजेनची चाचणी आता आहे, ती मोठ्या जंताची खूण पकडते, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाची अशी चाचणी करणं गोळीपेक्षा कितीतरी महाग आणि अवघड. गोळ्यांत डीईसी आहे, ते १९४७ पासून माहीत असलेलं औषध. त्याच्या जोडीला अल्बेंडाझोल. एकदा घेतली की रक्तातली पिल्लं झपाट्याने कमी होतात, मोठे जंत मात्र सगळे मरत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा अशी काही वर्षं द्यावी लागते. जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याची पोरं डासाला मिळू द्यायची नाहीत, एवढीच युक्ती. एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांनी प्रत्येक फेरीत गोळी गिळली तर साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटनेचं गणित आहे. वाटली नव्हे, गिळली. आपल्याकडच्या मोहिमांची खरी गळती इथेच आहे. नोंदवहीत वाटप दिसतं, पोटात गोळी नसते. म्हणूनच समोर गिळा असा आग्रह असतो. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

गोळी न घेण्याचं आणखी एक कारण ऐकू येतं: मागच्या वर्षी शेजाऱ्याने घेतली, त्याला ताप आला, डोकं गरगरलं. हेही नळ्यांच्या कथेत बसवून सांगितलं तर उलटं पटतं. रक्तातली पिल्लं एकदम मरायला लागली की शरीर त्यावर चवताळतं, त्यातून ताप, अंगदुखी, चक्कर येते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत जाते. म्हणजे ज्याला असा त्रास झाला त्याच्या रक्तात बहुधा पिल्लं होती आणि त्याला गोळीची गरज सर्वांत जास्त होती! हे आधी सांगून ठेवलं तर शेजाऱ्याचा ताप ही मोहिमेची जाहिरात ठरेल. नाही सांगितलं तर तीच अफवा. (दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना गोळी देत नाहीत. उपाशीपोटी घ्यायची नाही.)

२०१८ च्या डिसेंबरपासून भारतात काही जिल्ह्यांत तिसरं औषध जोडलं गेलं, आयव्हरमेक्टिन. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपलं नागपूर होतं. हे तेच आयव्हरमेक्टिन, जपानच्या ओमुरांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेल्या रसायनातून बनलेलं, ज्यासाठी त्यांना आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हीच गोळी आपले लोक व्हॉट्सॅपवरचा निरोप वाचून, कुणी न सांगता, रांगा लावून खात होते, आणि करोनावर तिचा फायदा पुढे नीट चाचण्यांत दिसला नाही. ज्या रोगावर ती खरंच चालते त्या रोगासाठी सरकार दारात येऊन फुकट देतं तर खिशात! असो.

हे दुखणं आपल्याला नवीन नाही. सुश्रुतसंहितेत श्लीपद या नावाने ते आहे, आणि जिथे जुनं साचलेलं पाणी असतं त्या प्रदेशात ते विशेष होतं ही नोंदही तिथे आहे. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ चा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या प्रयोगशाळेने याच्या रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. देशभर गोळ्यांची मोहीम २००४ पासून. निर्मूलनाची मुदत आधी २०१५ होती, मग पुढे सरकत गेली, आता २०२७ आहे. आमच्या क्षेत्रात एखाद्या प्रोजेक्टची डेडलाइन इतक्यांदा सरकली की मॅनेजर बदलतात. मी म्हणतो, मॅनेजर राहू द्या, निदान पोस्टर बदला.

यावर कुणीतरी म्हणेलच की गोळ्यांचं काय घेऊन बसलात, नाल्या साफ करा, डास मारा, ते सरकारचं काम आहे. बरोबर. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, तुंबलेल्या नाल्या आणि सेप्टिक टँक ही त्याची माहेरं. टँकच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधायला मात्र सरकार लागत नाही, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पुरतो. ही "सिंगापूर बघा कसं" छापाची चर्चा करायची मला हौस नाही. इथला सगळा झगडा डेंगीच्या एडिस डासाशी आहे, तो स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे इथली मात्रा तिकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. फक्त एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिंगापूरने २०१६ पासून वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले नर डास सोडायला सुरुवात केली. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत. याच वोल्बाकियाचे भाऊबंद आपल्या हत्तीरोगाच्या जंताच्या पोटातही राहतात, आणि डॉक्सिसायक्लिन काही आठवडे देऊन त्यांना मारलं तर जंत वांझ होतो. एकच जिवाणू, एकीकडे डासाला आवरतो, दुसरीकडे त्याच्यावाचून जंताचं चालत नाही. ही माहिती गोळी गिळायला उपयोगाची नाही, पण मला आवडली म्हणून लिहिली.

आता ज्यांना सूज येऊनच गेली आहे त्यांचं. इथे मला राग आहे.

माझी मोठी आत्या पवनी तालुक्यात राहते. डाव्या पायाला सूज येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली. एका खाजगी डॉक्टरने तिला कित्येक वर्षं "पाणी उतरायच्या" गोळ्या दिल्या. लघवी वाढायची, अशक्तपणा यायचा, पाय तसाच. का, ते वरच्या प्रथिनांच्या मुद्द्यात आहे. तिच्या पायात साचलंय ते नुसतं पाणी नाही, रक्तातून झिरपलेली आणि परतीची वाट बंद झाल्यामुळे अडकलेली प्रथिनं आहेत. लघवीच्या गोळीने रक्तातलं पाणी कमी होतं, पायातलं प्रथिन जागचं हलत नाही, आणि ते पुन्हा पाणी ओढून घेतं. पायाचं दुखणं रक्ताचं समजून केलेला इलाज. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या सुजेला त्या गोळ्या योग्य, हिला नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढल्यावर ज्यांचा हात सुजतो त्या बायकांनाही हेच लागू आहे, आणि तुमच्यापैकी काहींच्या घरी हा प्रश्न असेल.

मग उपाय काय? ऐकून निराशा होईल इतका साधा आहे. ब्राझीलच्या डॉ. जेर्झा द्रेयर यांनी दाखवून दिलं की पाय बिघडत जातो तो मुख्यतः जंतामुळे नाही, तर बोटांच्या बेचक्यांतून शिरणाऱ्या साध्या जिवाणूंच्या वारंवार होणाऱ्या लागणीमुळे. लसीका अडलेली, गाळण केंद्र बंद, म्हणजे त्या पायाला पहारेकरीच नाही. दर लागणीला थंडीताप, पाय लालबुंद, आणि प्रत्येक वेळी सूज थोडी आणखी कायमची. म्हणून रोज साबण-पाण्याने पाय धुवायचा, बेचक्या कोरड्या पुसायच्या, भेगांना मलम लावायचं, रात्री पाय उंच ठेवायचा, घोटा हलवत राहायचं, आणि शिकवलेल्या पद्धतीने पट्टी बांधायची. केरळात कासरगोडला डॉ. नरहरी यांच्या संस्थेने आयुर्वेद, योग आणि आधुनिक औषध एकत्र करून यावर चांगलं काम उभं केलंय. इथल्या मोठ्या रुग्णालयांत तर सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिनी थेट बारीक शिरेला जोडून देतात, जपानच्या कोशिमांनी ही शस्त्रक्रिया पुढे आणली. मानेपाशी निसर्गाने केलेला जोड पायातच करून द्यायचा, असा हा बायपास. आत्याच्या इतक्या जुन्या पायाला तो कितपत लागू पडेल हा प्रश्नच आहे, पण कल्पना पाहून इंजिनिअरला बरं वाटतं.

आत्याला कुणी पाय धुवायला शिकवलं नव्हतं. उलट पायाला पाणी लावू नको, सूज वाढेल, असं सगळे सांगायचे! आता तिची सून रोज बादली आणि टॉवेल घेऊन बसते. गेल्या पावसाळ्यात दोनदा ताप आला होता, या पावसाळ्यात एकदाही नाही. पाय बारीक झालेला नाही आणि होणारही नाही कदाचित, पण ती आता लग्नाकार्याला जाते.

पुरुषांचं तर निराळंच. जंत अंडकोशाच्या वाहिन्यांत बसला की हायड्रोसिल होतं, आणि ते धोतरात झाकून माणूस आयुष्य काढतो. हे शस्त्रक्रियेने बरं होतं, सरकारी रुग्णालयात होते. कुणाला दुधासारखी पांढरी लघवी होते, ती जेवणातली चरबी असते, लसीकेची वाट फुटून मूत्रमार्गात उतरलेली. असेलीच्या कुत्र्यातले पांढरे दोरे आठवले? त्यावरही इलाज आहे, पण आधी कुणाला सांगितलं तर.

तर माझ्या मनातलं पोस्टर असं. रात्रीची वेळ, भिंतीवर घड्याळात अकरा. खाटेवर झोपलेला एक तगडा माणूस, पाय अगदी निरोगी. हातावर डास. डासाच्या पोटातला रक्ताचा थेंब मोठा करून दाखवलेला, त्यात वळवळणारी पिल्लं. खाली एवढंच: "पाय नका पाहू. गोळी गिळा." सुजलेल्या पायाचं चित्र हवंच असेल तर ते दवाखान्याच्या आत लावा, शेजारी बादली, साबण आणि टॉवेल काढून.

मामाजींना पाठवलेली ती नळ्यांची आकृती मी जरा नीट करून, रंग भरून ठेवली आहे. कुणाला हवी असेल तर वैयक्तिक मेल टाका, पाठवतो. चित्र काढणारं कुणी असेल तर फारच उत्तम, माझा माणूस तगडा कमी आणि पोत्यासारखा जास्त दिसतो. मोहिमा साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात, कोणत्या जिल्ह्यात कधी ते घरच्यांनी आशाताईंना विचारावं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मंडळी, त्या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा गोळी आली का असं विचारू नका. गिळली का, ते विचारा.